आमचं कागदमुक्त घर

टॅबलेट हे यंत्र वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. नाहीतर आमची पुनम म्हणेल, पप्पा जुन्या वळणाचे आहेत. मी जुन्या वळणाचा नाही. नांदेडातल्या एका कचेरीत शिक्षण विभागाच्या टेबलावर माझी एकोणतीस वर्षं गेली. या काळात टंकयंत्र, संगणक आणि अंगठा लावायची हजेरी अशा तिन्हींना मी तोंड दिलं. त्या हजेरीच्या यंत्राला माझा अंगठा दोन वर्षं ओळखू आला नव्हता. मी कुठं तक्रार केली?

पुनम लातूरला खोली घेऊन कृषी सहायकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. परीक्षा झाली, निकालात तिचं नाव आलं, आणि अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट तिनं दिवाळीला येऊन माझ्या हातात ठेवला. "पप्पा, आता हा तुम्ही वापरा. पेपर वाचा, भजनं ऐका." एवढंच म्हणाली आणि पुढच्या कागदपत्रांची वाट बघायला परत लातूरला गेली. मी पेपर वाचला असता आणि भजनं ऐकली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आमच्या शेजारी शेषेराव राहतात.

शेषेराव एस.टी.तून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं गाड्या वेळेवर सोडायचा प्रयत्न केलेला माणूस, त्यामुळं आता घरात सगळं वेळेवर करायची त्यांना हौस. टॅबलेट आणल्याचा त्यांना वास लागला की काय कोण जाणे, संध्याकाळी चष्मा पुसत हजर.

"रामलिंगअप्पा, यंत्र चांगलं हाय, पण रिकामं ठेवून काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी माझ्या टॅबलेटात तासाभरात पंधरा ॲपं भरली. बोललेलं लिहिणारं एक. झाडाच्या पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं एक. (आमच्या दारातल्या कढीपत्त्याला त्यानं काहीतरी लॅटिन नाव दिलं. लक्ष्मीबाई, म्हणजे पुनमची आई, दोन दिवस त्या झाडाकडं परक्यासारखी बघत होती.) दर तासाला पाणी प्यायची आठवण करून देणारं एक. आणि कागदाचा फोटो काढून तो स्वच्छ, सरळ, नीट करून ठेवणारं एक.

"हे बगा," शेषेराव म्हणाले, "म्या माझे समदे कागद ह्याच्यात घातले. घर कसं मोकळं झालं. तुमच्याकडं ती लोखंडी पेटी हाय नं?"

पेटी होती. कारकुनाच्या घरात पेटी असतेच. त्यात विजेची जुनी बिलं, शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं, सासऱ्यांच्या विहिरीचे कागद, बंद पडलेल्या पंख्याची हमी, असं सगळं तीस वर्षांचं साचलेलं. लक्ष्मीबाईला त्या पेटीच्या जागी शिलाई मशीन हवी होती. मी संकल्प केला. आमचं घर कागदमुक्त करायचं.

सलग चार रविवार मी कागद टॅबलेटात घातले. काम सोपं होतं. कागद फरशीवर ठेवायचा, फोटो काढायचा. मग ॲप विचारायचं, 'डाग काढायचे का?' जुन्या कागदांना चहाचे, तेलाचे, हळदीचे डाग असतातच. मी प्रत्येक वेळी 'हो' म्हटलं. कागद असे पांढरेशुभ्र निघत की मूळ कागदाचीच लाज वाटावी. नंतर प्रत्येक कागदाला नाव द्यायचं. टायपिंगला वेळ लागतो, म्हणून ते मी बोललेलं लिहिणाऱ्या ॲपवर सोपवलं. मी म्हणायचो, "पुनमचा लसीकरणाचा कागद," आणि पुढचा कागद उचलायचो.

सगळं झाल्यावर मी रद्दीवाल्या अंगदला बोलावलं. तो पोत्यात कागद भरत होता तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो, "अंगद, बघ हं, यातला एकही कागद मी परत मागायला येणार नाही." हे वाक्य मी कशासाठी बोललो, देव जाणे. कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दुपारी पुनमचा फोन आला.

"पप्पा, शुक्रवारी लातूरला कागदपत्रं तपासायला बोलावलंय. सगळं माझ्याकडं आहे, फक्त एक अडचण आहे. दहावीच्या सनदेवर माझं नाव दीर्घ 'पू' आहे, बाकी सगळीकडं ऱ्हस्व 'पु' आहे. ते म्हणतात, पहिलीत नाव घातलं तेव्हाच्या रजिस्टरचा उतारा आणा. मूळ प्रत. ती आपल्या पेटीत आहे ना?"

मी म्हणालो, "आहे की." खोटं बोललो नाही. टॅबलेटात होतीच.

टॅबलेट उघडला आणि 'उतारा' असं शोधलं. काही नाही. 'पुनम' शोधलं, तर फक्त लसीकरणाचा कागद. 'शाळा', तेही नाही. मग मी एकेक नाव वाचायला लागलो. ते ॲप शांतता होईपर्यंत ऐकत बसायचं, आणि आमच्या घरात शांतता कुठली? कागदांची नावं अशी होती: 'विहिरीचा कोण आलंय बघा जरा'. 'शेषेराव चहा घेणार का बिनसाखरेचा'. 'पंख्याची हमी पाय पुसून आत या म्हटलं ना'. एका कागदाचं नाव नुसतंच 'अगं बाई'.

लक्ष्मीबाई शेजारी येऊन बसली. "तो कागद घातला तेव्हा घरात काय चाललं होतं, ते आठवा," ती म्हणाली. म्हणजे कागद शोधायचा तर चार रविवारचा संसार आठवायचा. आम्ही दोघं बसलो. पहिल्या रविवारी तिची बहीण आली होती. दुसऱ्या रविवारी नळाला पाणी आलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी... "दूध!" ती एकदम म्हणाली. "तुमच्या हातात पिवळा कागद होता आणि दूध उतू गेलं होतं!"

'अहो दूध गेलं सगळं' या नावाखाली आमच्या मुलीचा पहिलीचा उतारा सापडला. नाव ऱ्हस्व 'पु', जन्मतारीख बरोबर, अक्षर सुंदर. फक्त शाळेचा गोल शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही नव्हती. ती दोन्ही ॲपनं डाग म्हणून काढून टाकली होती.

मी लातूरच्या तपासणीच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "काका, शिक्का असता तरी ते चाललं नसतं. मूळ प्रतच लागते."  हेच वाक्य मी एकोणतीस वर्षं रोज दहा माणसांना ऐकवत आलो होतो, फक्त ऐकणाऱ्याला ते असं लागतं हे मला माहीत नव्हतं.

अंगदच्या गोदामात गेलो. तो वजनकाट्याशेजारी डबा खात होता. "अप्पा, तो माल गेला की मागच्या बुधवारीच. आतापोतर लगदा झाला असंल." मग घास थांबवून म्हणाला, "तुम्हीच तर म्हणले होते, एक बी कागद मागणार न्हाई."

आता उरला एकच मार्ग. त्याच शाळेतून दुसरी प्रत काढायची. शाळा म्हणजे हदगावच्या आत तेरा किलोमीटरवर लक्ष्मीबाईच्या माहेरच्या गावची. मी तेव्हा दौऱ्यावर असायचो म्हणून पुनमची पहिली आजोळी झाली. आणि दुसरी प्रत काढायला काय लागतं, हे मला तोंडपाठ होतं, कारण त्याबद्दलचं परिपत्रक गेल्या वर्षी मीच लिहिलं होतं. लोक उठसूट कागद हरवतात आणि शाळांना त्रास देतात, म्हणून मी ते जरा कडक लिहिलं होतं. कागद हरवल्याची पोलिसांत नोंद. शपथपत्र. आणि पालकाला समक्ष ओळखणारे गावातले दोन इसम, जे नातेवाईक नसावेत आणि शाळेचे कर्मचारीही नसावेत. या शेवटच्या कलमाबद्दल साहेबांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

मंगळवारी सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. जमादारांनी वही उघडली.

"कुठं हरवला?"

"हरवला असं नाही. मी रद्दीत दिला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दिला तर हरवला कसा म्हनता? दिला म्हंजे दिला."

"पण आता तो नाही."

"न्हाई हे खरं हाय. पन हरवला न्हाई." जमादार विचारी गृहस्थ होते, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "चोरी म्हनावं तर तुम्हीच दिला. गहाळ म्हनावं तर कुठं गेला ते तुम्हाला ठावं हाय. मंग लिहू काय?"

तेवढ्यात माझ्या पिशवीतून एका बाईचा गोड आवाज आला, "पाणी पिण्याची वेळ झाली आहे. कृपया एक ग्लास पाणी प्या." जमादार उभे राहिले. टेबलाखाली बघितलं. मग एका शिपायाला हाक मारून माझी पिशवी उघडायला लावली. टॅबलेट निघाला. बंद करायला गेलो तर ॲपनं आणखी विचारलं, "आपण पाणी प्यालात का?" मी सगळ्यांसमोर 'हो' दाबलं आणि जमादारांनी शिपायाला खरंच पाणी आणायला पाठवलं. मी ते पिऊन झाल्यावर मात्र जमादार जरा विरघळले. "लिहितो, 'नजरचुकीने रद्दीत जाऊन गहाळ'. चालंल?" नजरचुकीने. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावापुढं हा शब्द पहिल्यांदा आला.

शपथपत्र बुधवारी झालं. त्यातही टंकलेखकानं पुनमचा 'पू' दीर्घ केला, तो मी तिथंच उभा राहून दोनदा दुरुस्त करून घेतला. गुरुवारी सकाळी सहाच्या गाडीनं हदगाव आणि तिथून जीपनं गाव. शेषेराव मला सोडायला स्टँडपर्यंत आले होते. "काहून टेन्शन घेऊन राहिले अप्पा? एक नकाशाचं ॲप टाकून देऊ का?" मी म्हणालो, सासुरवाडीचा रस्ता मला येतो.

शाळा दोन खोल्यांची, लिंबाच्या झाडाखाली. मुख्याध्यापक बाहेर आले. ते सिद्धराम गुरुजी होते.

सिद्धराम गुरुजींना मी ओळखत होतो. त्यांच्या वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव माझ्या टेबलावर होता, आणि एका पानावरचा शिक्का पुसट आहे म्हणून मी त्यांना चार वेळा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी ते नुसतं टोपी घालून निघून गेले होते.

"या साहेब," गुरुजी म्हणाले. "बसा." आणि पहिलीच्या वर्गातलं एक बाक दाखवलं. ऑफिस म्हणून वेगळी खोली तिथं नव्हतीच. मी गुडघे छातीशी घेऊन बसलो. गुरुजींनी माझे कागद घेतले, आणि कपाटातून एक फाईल काढून माझंच परिपत्रक समोर ठेवलं. त्याच्यावर त्यांनी लाल पेननं रेघा मारल्या होत्या.

"पोलीस नोंद, हाय. शपथपत्र, हाय. वळखणारे दोन इसम?"

"गुरुजी, तुम्ही तर मला ओळखता."

"वळखतो की साहेब. लई चांगलं वळखतो. पन हितं लिवलंय, शाळेचा कर्मचारी चालनार न्हाई."

सासूबाई मंजुळाबाईंना बोलवायचं म्हटलं तर नातेवाईक चालणार नाही, हेही मीच लिहिलं होतं. शेवटी गुरुजींनी पारावर निरोप पाठवला आणि तासाभरानं सटवाजी नावाचे एक म्हातारे काठी टेकत आले, त्यांच्यामागून रत्नम्मा नावाची दुकानवाली आली. सटवाजींनी माझ्याकडं निरखून बघितलं. बराच वेळ बघितलं. मी आशेनं हसलो.

"न्हाई वळखलं," ते म्हणाले.

"अहो, लक्ष्मीचा नवरा. नांदेडचा."

"लक्ष्मीचा?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "म्हंजे लग्नात घोड्यावरनं पडला त्योच का? अरे हाव! त्योच हाय! मंडपाच्या दारात पडला होता, टोप गटारात!"

"हाव, हाव," रत्नम्मा म्हणाली, "आन मंग घोडा एकलाच मांडवात आला होता. म्या तवा ल्हान होते, पन घोडा आठवतोय मला."

वर्गातली सगळी मुलं माझ्याकडं वळून बघायला लागली. गुरुजी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं लिहीत होते, आणि लिहिताना मोठ्यानं वाचत होते: "सदर इसम हे आमच्या गावचे जावई असून, लग्नप्रसंगी घोड्यावरून पडलेले तेच गृहस्थ असल्याचे आम्ही खात्रीपूर्वक ओळखतो." सटवाजींनी अंगठा उठवला. रत्नम्मानं सही केली. हा कागद आजही शासकीय दप्तरात आहे, आणि नियमाप्रमाणं तो कायमस्वरूपी जतन करायचा आहे. तेही मीच लिहिलं होतं.

अकरा वाजले. "आता मिळेल ना उतारा?" मी विचारलं.

"जुनं रजिस्टर काढावं लागंल. लेकरांचा तास हाय. बसा थोडं."

मी बसलो. पाढे झाले. कविता झाली. खिचडी आली, ती मी मुलांच्या रांगेत बसून खाल्ली. एक वाजला, दोन वाजले. पिशवीतून गोड आवाज आला, "पाणी पिण्याची वेळ झाली आहे," आणि अख्खी पहिली एकजुटीनं उठून नळाकडं पळाली. गुरुजींनी त्यांना गोळा करून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. तीन वाजता तोच आवाज, पुन्हा पळापळ. ते ॲप बंद कसं करायचं, हे सांगायला शेषेराव फोन उचलत नव्हते. चार वाजता मी टॅबलेट पिशवीत, पिशवी माझ्या मफलरात आणि मफलर बाकाखाली असं ठेवून त्यावर दोन्ही पाय दिले.

उद्या सकाळी दहाला लातूर. शेवटची जीप साडेपाचला. पुनमनं तीन वर्षं एका खोलीत खाणावळीचा डबा खाऊन अभ्यास केला होता, हे मला त्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा आठवत होतं. मी उठून गुरुजींकडं गेलो. आवाज चढवायचा म्हणून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "गुरुजी, चूक माझी आहे. पोरीची नाही. तिचं काही बिघडायला नको हो."

सिद्धराम गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. उतारा. सुबक अक्षर, ऱ्हस्व 'पु', सही, आणि गोल, ठळक, निळा शिक्का. खाली आजची तारीख.

"हा... कधी लिहिला?"

"सकाळीच. मंजुळाबाईंनी कालच सांगितलं होतं, म्हून तुमची जीप दिसली तवाच रजिस्टर काढलं. सटवाजी घोड्याचं सांगत होते तवा शिक्का मारून झाला होता."

"मग मला दिवसभर का बसवलं?"

गुरुजींनी टोपी नीट केली. "साहेब, तुम्ही मला चार येळेस नांदेडला बोलावलं. हितनं नांदेड लांब पडतं. म्या तर एकदाच बसवलं." आणि मग मलाच म्हणाले, "चला, जीप जाईल. म्या सांगतो थांबायला."

  त्यांचा प्रस्ताव मी पुढच्या सोमवारी स्वतः वर नेऊन दिला.

शुक्रवारी लातूरला सगळं दहा मिनिटांत झालं. त्या फोनवरच्या बाईंनी उतारा बघितला, शिक्का बघितला, एक खूण केली आणि कागद पुनमच्या हातात परत दिला. पुनमनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. रद्दीची हकिकत तिला तिच्या आईनं आधीच सांगितली होती. पुनम ओरडली असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी ती नांदेडला घरी असताना नेमणुकीचं पत्र आलं, टॅबलेटावर. हिमायतनगर तालुक्यातलं एक गाव, आठवड्यात रुजू व्हायचं. पत्राच्या खाली दोन चौकोन होते, 'मान्य' आणि 'अमान्य'.

"एवढ्या आत?" मी म्हणालो. "थांब. घाई करू नको. मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकतो. नांदेडजवळ काही जमतं का बघू."

"पप्पा, मला चालतंय ते गाव," पुनम म्हणाली.

"तुला काय कळतंय? एकटी कशी राहशील?"

"लातूरला एकटीच होते ना."

शेषेराव तेवढ्यात आले होतेच. ते म्हणाले, बदलीसाठी अर्ज करायचं एक चांगलं ॲप आलंय. मी त्यांना बसायला सांगितलं. मी बोलत राहिलो: रस्ते, गाड्या, पावसाळा, वरचे साहेब कोण, माझ्या ओळखीचं कोण. पुनम खिडकीशी जाऊन उभी राहिली. 

लक्ष्मीबाई आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. "पत्र कुठंय? देवापुढं ठेवायचं."

"अगं, ते टॅबलेटात आहे."

"मग टॅबलेट ठेवते." तिनं तो पाटावर ठेवला, हळद वाहिली आणि ओल्या बोटावर कुंकू घेऊन पत्रावर टेकवलं. खाली, डाव्या कोपऱ्यात. बोट जरा दाबूनच टेकवलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि अक्षरं आली: 'आपली संमती नोंदविण्यात आली आहे. यात बदल करता येणार नाही.'

शेषेरावांनी उठून ते दोनदा वाचलं.  मग पुनम वळली, तिनं टॅबलेटावरच्या त्या लाल ठिपक्याकडं बघितलं, आणि हसू लपवायला तोंडावर ओढणी दाबून आत बॅग भरायला गेली.

"अगं, तिथं 'मान्य' लिहिलं होतं!" मी म्हणालो. "तुला दिसलं नाही?"

"मला काय दिसतंय," लक्ष्मीबाई करंड्याचं झाकण लावत म्हणाली. "चष्मा कुठंय माझा?"

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.